वस्तीतल्या बचतगटाचा उद्योग: या चुका टाळा

मुंबई-पुण्याच्या जुन्या पेठांत, चाळींत, झोपडवस्त्यांत बायकांचा गट एखादा उद्योग सुरू करतो, तेव्हा पहिले काही महिने बहुधा छान जातात. ओळखीचे लोक माल घेतात, नगरसेवक फीत कापायला येतात, महिला दिनाच्या प्रदर्शनात स्टॉल मिळतो. अडचण त्यानंतर सुरू होते. बैठकीला निम्म्याच जणी दिसतात, वहीत खाडाखोड वाढते, शिलाई मशीनवर धूळ बसते. मग ‘बायकांना धंद्यातलं कळत नाही’ असं म्हणून सगळे मोकळे होतात.

मला हे अजिबात मान्य नाही. तुटपुंज्या मिळकतीत पाच माणसांचं घर, शाळेची फी आणि गावच्या आजारपणाचा खर्च भागवणारी बाई हिशेबात कच्ची नसते. चूक उद्योगाच्या मांडणीत असते, आणि ती शोधायला गेलं की फिरून एकाच ठिकाणी पोचतो: तिच्या वेळेची किंमत कोणी धरलेलीच नसते.

भावात मजुरी नसणं

कापडी पिशवीचं उदाहरण घेऊ. आकडे समजुतीसाठी आहेत, तुमचे तुम्ही घाला. कापड 18 रुपये, दोरा आणि वीज 2 रुपये, विक्री 35 रुपयांना. गट म्हणतो, पिशवीमागे 15 रुपये सुटले. आता कापण्यापासून शिवण्यापर्यंत एका पिशवीला वीस मिनिटं लागतात असं धरा. म्हणजे तासाला तीन पिशव्या, 45 रुपये. पण माल पोचवायचा रिक्षाखर्च पिशवीमागे 2 रुपये आहे, बिघडलेल्या पिशव्यांचा 1 रुपया आहे, आणि कापड आणायला एका ताईचा दिवस मोडतो त्याचा आणखी 1 रुपया. उरले 11. तासाला 33, आठ तास मान मोडून काम केलं तर दिवसाला 264 रुपये. तेही सगळा माल रोखीत विकला गेला तर.

त्याच गल्लीतून शेजारच्या सोसायटीत पोळ्या लाटायला जाणारी बाई कमी वेळात याहून जास्त मिळवत असेल, तर गटातली बाई आज ना उद्या तिकडे जाणारच. तिला ‘चिकाटी नाही’ म्हणणं अन्याय आहे. तिने केलेला हिशेब आपल्यापेक्षा बरोबर आहे.

म्हणून भाव ठरवताना आधी मजुरी लिहा, मग कच्चा माल, मग वाहतूक, नासधूस आणि मशीनची दुरुस्ती. एवढं धरून भाव बाजारात चालत नसेल, तर ती वस्तू सोडून द्या. ‘आधी सुरू करू, पुढे वाढवू’ असं म्हणून लावलेला कमी भाव पुढे वाढवता येत नाही, गिऱ्हाईक त्याच भावाला सवकतं.

खेळतं भांडवल न धरता उधारीवर धंदा

गिरणगावाने हा धडा फार महाग शिकवला. लालबाग-परळच्या चाळींत बायका गिरणी कामगारांच्या खानावळी चालवायच्या. कोकणातून, घाटावरून एकटे आलेले कामगार दोन वेळ जेवायचे आणि पैसे पगार झाल्यावर द्यायचे. महिनाभराचं धान्य, तेल, मसाला कुठून आणायचा? वाण्याकडून उधारीवर, नाहीतर सावकाराकडून व्याजाने. खानावळ भरलेली असायची आणि चालवणारी कर्जात असायची. बँक दारात उभी करत नव्हती, कारण तारण ठेवायला काहीच नव्हतं. 1975 मध्ये सामाजिक कार्यकर्त्या प्रेमा पुरव यांनी या बायकांना अन्नपूर्णा महिला मंडळात संघटित केलं आणि राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज त्यांच्यापर्यंत आणलं. स्वयंपाक तोच राहिला, हात तेच राहिले, बदललं ते पैशाचं मूळ.

आजच्या गटाची गोष्ट वेगळी नाही. कंपनीच्या कँटीनची किंवा सरकारी कार्यालयाची ऑर्डर आली की आनंद होतो, आणि व्हायलाही हवा. पण बिल दोन-तीन महिन्यांनी निघणार असेल, तर तेवढे महिने किराणा आणि मजुरी कशातून देणार, हे ऑर्डर घेण्याआधी कागदावर मांडा. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियान या शहरी गरिबांसाठीच्या सरकारी योजनेत पात्र गटाला 10,000 रुपये फिरता निधी मिळायचा. गटातल्या बायकांना आपसात कर्ज फिरवायला तो ठीक होता, पन्नास डब्यांची तीन महिन्यांची उधारी त्यातून भागत नाही. आगाऊ रक्कम मागायला लाजू नका. निम्मी ऑर्डर घ्या, पण पैसे हातात येतील अशी घ्या.

खानावळींचा दुसरा धडा त्याहून कडू आहे. जानेवारी 1982 मध्ये गिरण्यांचा संप सुरू झाला. कामगार गावी परतले, पुढे कित्येक गिरण्या उघडल्याच नाहीत, आणि ताटावर बसणारा माणूसच उरला नाही. एकाच गिऱ्हाइकावर उभा असलेला उद्योग त्या गिऱ्हाइकाबरोबर जातो. निम्म्याहून जास्त विक्री एका जागी होत असेल, तर सगळं सुरळीत चालू असतानाच दुसरी जागा शोधायला लागा.

वस्तीची गरज सोडून प्रशिक्षणाला जे मिळतं ते करणं

मेणबत्त्या, अगरबत्ती, कागदी फुलं, इमिटेशन दागिने. हे उद्योग गट निवडतात, कारण प्रशिक्षण त्याचंच मिळालेलं असतं. गिऱ्हाईक मात्र कोणी मोजलेलं नसतं. त्याऐवजी आठवडाभर चार जणींनी वस्तीत आणि शेजारच्या इमारतींत विचारत फिरावं: रोज कशावर पैसे खर्च होतात, आणि ते पैसे वस्तीबाहेर कुठे जातात? पाळणाघर, म्हाताऱ्या माणसांचा डबा, इडली-डोशाचं पीठ, गणवेशाची शिलाई, कचरा उचलणं, अशी उत्तरं येतील. दिसायला साधी, पण त्यांना गिऱ्हाईक रोजचं असतं.

पुण्याची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था मला या बाबतीत सगळ्यात मोलाची वाटते. 1993 मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली, आधी कचरावेचकांची ओळख आणि हक्क मागितले गेले, आणि 2008 मध्ये महापालिकेशी करार करून त्याच कचरावेचकांची ‘स्वच्छ’ दारोदारचा कचरा गोळा करू लागली. घरटी मासिक शुल्क नागरिक थेट देतात, भंगार विकून येणारे पैसे वेचणाऱ्याचे. ज्या कामात या बायका आधीच तरबेज होत्या, त्याच कामाला मान आणि नियमित मोबदला मिळवून दिला गेला. कोणालाही नवं ‘कौशल्य’ शिकवण्याच्या आधी ही गोष्ट वाचावी, असं मला कळकळीने वाटतं. पालिकेच्या कराराचं नूतनीकरण ही मात्र अशा संस्थेच्या डोक्यावरची कायमची टांगती तलवार आहे, तेही विसरू नये.

दहा बाय बाराच्या खोलीला कारखाना समजणं

नळाला पाणी पहाटे येतं, मुलं दुपारी शाळेतून येतात, पावसाळ्यात भिंतीला ओल. वेळापत्रक यावर बसवायचं असतं. लिज्जत पापडाची सुरुवात 15 मार्च 1959 ला गिरगावात, सात बायकांनी, 80 रुपये उसने घेऊन, इमारतीच्या गच्चीवर केली. पहिल्याच पावसाळ्यात पापड वाळेनात म्हणून काम चार महिने बंद ठेवावं लागलं. पुढच्या वर्षी खाट आणि शेगडी आली: पापड खाटेवर, शेगडी खाली. पुढे जी पद्धत रुजली ती अशी, की पीठ केंद्रावर एकसारखं मळायचं, सभासद बहिणींनी ते घरी नेऊन लाटायचं, दुसऱ्या दिवशी पापड आणून द्यायचे, तपासणी झाली की मजुरी घ्यायची. चव जिथे ठरते ते काम एका जागी आणि हाताचं काम घरी, ही वाटणी मसाला, शिलाई, भाजणी कशालाही लागू पडते.

हलक्या प्रतीचा स्वस्त माल वेगळा काढायचा नाही आणि देणगी घ्यायची नाही, हीही लिज्जतची शिस्त. दुसऱ्या मुद्द्यावर प्रत्येक गटाला तितकं कडक राहता येणार नाही. मशीन, गाळा, प्रशिक्षण यासाठी मदत जरूर घ्या. मजुरी मात्र अनुदानातून देऊ नका. अनुदान संपलं की मजुरी बंद होते, आणि तोवर उद्योग तोट्यात चाललाय हे कोणाच्या लक्षातही येत नाही.

गट ढेपाळतोय असं वाटलं तर

आधी भांडणं मिटवायला बसू नका. वही उघडा आणि पैसे शेवटचे कधी वाटले ते बघा. मजुरी दीड महिना अडकली असेल, तर ‘मतभेद’ तिथेच सुरू झालेले असतात. मग बघा, की पासबुकात शिल्लक किती आहे हे अध्यक्ष आणि सचिव सोडून कोणाला सांगता येतं का. येत नसेल, तर दर बैठकीत पासबुक मोठ्याने वाचा आणि सह्यांचे अधिकार ठराव करून ठराविक मुदतीने बदला. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यासमोर आकडे बोलून दाखवा. त्या ऐकतात आणि चूक लगेच पकडतात.

तिसरी गोष्ट, निर्णय कोण घेतंय? मदत करणाऱ्या संस्थेचा कार्यकर्ता गिऱ्हाइकाशी बोलतो, भाव तोच ठरवतो, बिलही तोच बनवतो, असं असेल तर गटातल्या बायका त्याच्याकडे कामाला आहेत, उद्योग त्यांचा नाही. पुढच्या ऑर्डरला फोन गटातल्या ताईंनी करायचा, कार्यकर्त्याने शेजारी बसायचं, एवढ्यापासून सुरुवात करता येते.

संस्था म्हणून नोंदणीची घाई मात्र नको. खाद्यपदार्थ असतील तर अन्न सुरक्षेची नोंदणी पहिल्या दिवसापासून हवी. सहकारी संस्था, कंपनी कायद्याच्या कलम 8 ची (ना-नफा) कंपनी की बचतगटच ठेवायचा, हे वर्षभराचा हिशेब हातात आल्यावर ठरवा. कलम 8 च्या कंपनीत नफा सभासदांना वाटता येत नाही, हे बऱ्याच जणींना नोंदणी झाल्यावर कळतं. महाराष्ट्रात सहकारी संस्थेला किमान दहा सभासद लागतात, आणि तेही वेगवेगळ्या कुटुंबांतले. एकाच घरातल्या सासू-सुना मोजून दहा होत असतील, तर आणखी बायकांना सामावून घ्यायला आत्तापासून लागा.