अंगणात कडुनिंब की कागदी लिंबू? खानदेशातील मृगाच्या लागवडीपूर्वी घ्यावयाचा निर्णय

जून महिन्यात जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील रोपवाटिकांमध्ये घराच्या अंगणासाठी किंवा शेतातील खळ्यासाठी रोपे नेणाऱ्यांची मोठी गर्दी असते. बहुतेकांची मागणी दोनच गोष्टींची असते : सावलीसाठी एखादे झाड आणि घरच्या वापरासाठी एखादे लिंबू. रोपे घरी आल्यावर जेथे जागा मोकळी दिसेल तेथे ती लावली जातात आणि सात-आठ वर्षांनी कडुनिंबाखाली अडकलेले, उंच, काटकुळे, फळ न धरणारे लिंबू पाहावे लागते. ही दोन्ही झाडे एकाच अंगणात उत्तम वाढू शकतात. मात्र कोणते झाड घराच्या कोणत्या दिशेला लावायचे, हे खड्डा खणण्यापूर्वी ठरले पाहिजे.

खानदेशात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२ ते ४५ अंशांपर्यंत जातो. त्या काळात घराला खरा त्रास दुपारी तीन ते सूर्यास्तापर्यंतच्या उन्हाचा होतो, कारण त्या वेळी ऊन तिरपे येऊन पश्चिमेकडील भिंत तापवते आणि ती भिंत मध्यरात्रीपर्यंत उष्णता बाहेर टाकत राहते. आपला प्रदेश साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर असल्याने मे महिन्याच्या अखेरीस सूर्य माध्यान्ही जवळपास डोक्यावर येतो आणि मावळताना पश्चिमेच्या थोडा उत्तरेकडे सरकलेला असतो. म्हणून सावलीचे झाड घराच्या पश्चिमेला किंवा वायव्येला असावे. दक्षिणेला लावलेले झाड उन्हाळ्यात भिंतीला फारसे उपयोगी पडत नाही. उलट डिसेंबरमध्ये सूर्य दक्षिणेकडे कललेला असताना त्याची सावली भर दुपारीही झाडाच्या उंचीएवढी उत्तरेकडे पडते आणि थंडीत हवेहवेसे वाटणारे ऊन अडवते. लिंबाला दिवसातून किमान सहा तास थेट ऊन लागते, म्हणून त्याची जागा घराच्या दक्षिणेस किंवा पूर्वेस असावी. दोन्ही झाडे एकाच बाजूला लावावी लागत असतील, तर लिंबू कडुनिंबाच्या दक्षिणेकडे आणि किमान ३० फूट अंतरावर लावावे. शंका असल्यास दुपारी चार वाजता नियोजित जागेवर दहा फुटी बांबू उभा करून सावली कोठे पडते ते पाहावे. जूनमध्ये त्या वेळी ती बांबूच्या उंचीपेक्षा थोडी लांब आणि पूर्वेकडे किंचित दक्षिणेस झुकलेली दिसेल. त्यावरून मोठ्या झाडाचा अंदाज सहज बांधता येतो.

सावलीसाठी कडुनिंबच का, असे विचारले जाते, कारण लवकर वाढतो म्हणून गुलमोहराकडे अनेकांचा ओढा असतो. गुलमोहराची मुळे उथळ असतात, लाकूड ठिसूळ असते आणि मे-जूनच्या वादळी वाऱ्यात त्याच्या फांद्या मोडतात. शिवाय ऐन एप्रिलमध्ये तो बहुधा निष्पर्ण असतो. कडुनिंबाची पानगळ फेब्रुवारी-मार्चमध्ये होते आणि गुढीपाडव्याच्या सुमारास नवी पालवी येते, त्यामुळे सर्वांत कडक उन्हाच्या दिवसांत त्याची सावली दाट असते. त्याची मुळे खोल जातात, चुनखडीची जमीन त्याला चालते आणि पहिली दोन-तीन वर्षे सांभाळल्यावर त्याला पाणी देण्याची गरज सहसा उरत नाही. मुळाशी साचलेले पाणी मात्र त्याला अजिबात सोसत नाही. तापीकाठच्या खोल काळ्या जमिनीत, जेथे पावसाळ्यात आठवडा-आठवडा चिखल वाळत नाही, तेथे कडुनिंबाऐवजी करंज लावणे अधिक शहाणपणाचे ठरेल. करंज नाल्याकाठी आपोआप वाढणारे झाड आहे आणि ओल व काही प्रमाणात क्षारही सहन करते.

कडुनिंबाचा एक त्रास आधीच लक्षात घ्यावा. त्याची पाने नेमकी वाळवणाच्या दिवसांत गळतात. पापड, कुरडया आणि बिबडे ज्या अंगणात वाळत घालायचे असतात, तेथे या झाडामुळे घरातील बायकांची रोजची कटकट वाढते. म्हणून वाळवणाची जागा आणि झाड यांत अंतर ठेवावे. घराच्या पायापासून, विहिरीपासून आणि शौचखड्ड्यापासूनही १५ ते २० फूट अंतर आवश्यक आहे. काळी जमीन वाळली की आकसते आणि भिजली की फुगते. पायाजवळचे मोठे झाड उन्हाळ्यात तेथील ओल शोषून घेते आणि मग भिंतींना तडे जातात. विजेच्या तारांखाली हे झाड लावूच नये. शहरी हद्दीत वाढलेले झाड तोडण्यासाठी १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार वृक्ष प्राधिकरणाची परवानगी घ्यावी लागते, त्यामुळे चुकीच्या जागी लावलेले झाड नंतर सहज हलवता येत नाही.

लिंबाच्या बाबतीत दिशेइतकेच महत्त्व जमिनीला आहे. लिंबूवर्गीय झाडांना निचऱ्याची, मध्यम पोताची आणि कमी चुनखडीची जमीन हवी असते. आपल्याकडील काळ्या जमिनीत निचरा कमी असतो, तर गावठाणाच्या पांढरीत (वस्तीखालच्या पांढरट मातीत) अनेक ठिकाणी चुन्याचे प्रमाण जास्त असते. यासाठी दोन सोप्या परीक्षा आहेत. दोन फूट खोल खड्डा खणून त्यात दोन-तीन बादल्या पाणी ओतावे; दुसऱ्या दिवशीही पाणी तसेच उभे असेल, तर ती जागा लिंबाला योग्य नाही. त्याच खड्ड्याच्या तळाची माती बशीत घेऊन तिच्यावर सौम्य आम्लाचे थेंब टाकावेत. माती जोरात फसफसली, तर मुक्त चुना भरपूर आहे असे समजावे. नेमके प्रमाण जाणून घेण्यासाठी पाल, ममुराबाद, धुळे किंवा नंदुरबार यांपैकी जवळच्या कृषी विज्ञान केंद्राकडे माती तपासणीविषयी विचारणा करावी. चुनखडीचे प्रमाण १० टक्क्यांहून अधिक असेल, तर लिंबाचा हट्ट सोडावा. अशा जमिनीत लोह आणि जस्त मुळांना मिळत नाही, नव्या पानांच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडतो आणि दरवर्षी फवारण्या करूनही झाड पिवळेच राहते.

काळ्या जमिनीत लिंबासाठी खोल खड्डा घेऊन तो शेणखताने भरण्याची पद्धत घातक आहे. भोवतालची घट्ट माती पाणी सोडत नाही, खड्डा हौदासारखा भरतो आणि मुळे कुजून डिंक्या (खोडातून डिंक गळण्याचा) रोग येतो. येथे सुमारे दीड फूट उंच आणि चार-पाच फूट रुंद मातीचा उंचवटा करून त्यावर रोप लावावे. साक्री-शिंदखेड्याकडील मुरमाड जमिनीत मात्र एक मीटर लांब, रुंद व खोल खड्डा घेऊन तो पोयटा माती आणि कुजलेल्या शेणखताने भरणे योग्य आहे. एकापेक्षा अधिक लिंबे लावायची असल्यास दोन झाडांत २० फूट अंतर ठेवावे. जातींमध्ये राहुरी विद्यापीठाच्या साई शरबती आणि फुले शरबती या जाती घरच्या लागवडीसाठी समाधानकारक आहेत. रोप घेताना त्याच्या उंचीला भुलू नये. साधारण वर्षभराचे, पेन्सिलीएवढ्या जाडीचे आणि पिशवीत मुळांचा वेटोळा न झालेले रोप चांगले. पानांवर पिवळ्या कडेचे, तपकिरी, खरबरीत ठिपके असतील, तर तो खैऱ्या रोग आहे. असे रोप फुकट मिळाले तरी घरी आणू नये. कागदी लिंबाची रोपे बहुतांशी बियांपासून तयार केलेली असतात आणि त्यांना चौथ्या-पाचव्या वर्षापासून फळे येतात.

पाण्याचा हिशेब सर्वांत आधी करावा. पहिल्या उन्हाळ्यात लिंबाच्या रोपाला दररोज १० लिटरच्या आसपास आणि पूर्ण वाढलेल्या झाडाला मे महिन्यात १०० लिटरच्या आसपास पाणी लागते. ज्या गावात उन्हाळ्यात टँकर येतो, तेथे अंगणातील लिंबू हे ओझे ठरते आणि तेथे एकट्या कडुनिंबावर समाधान मानावे. ज्या घरी विहिरीचे पाणी टिकते पण जागा लहान आहे, त्यांनी लिंबू लावून पश्चिमेची भिंत शेडनेटने झाकावी. लिंबाच्या काटेरी, जमिनीलगतच्या फांद्यांखाली बाज टाकता येत नाही, त्यामुळे लिंबू सावलीही देईल अशी आशा करू नये.

दोन्ही झाडे लावता आली, तर कडुनिंबाचा लिंबाला थेट उपयोग होतो. जूनमध्ये पडणाऱ्या निंबोळ्या गोळा करून, गर धुऊन, सावलीत वाळवून ठेवाव्यात. अर्धा किलो वाळलेल्या निंबोळीचा कुटलेला भरडा रात्रभर पाण्यात भिजवून सकाळी फडक्याने गाळावा, त्यात २० ग्रॅम साबण मिसळून एकूण १० लिटर द्रावण करावे आणि ते त्याच दिवशी संध्याकाळी फवारावे. नव्या पालवीवर येणारी पाने पोखरणारी अळी आणि पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी फुलपाखराची अळी यांना त्याने आळा बसतो. कडुनिंबाचे नवे रोप करायचे असल्यास मात्र निंबोळी ताजी असतानाच पेरावी, कारण तिची उगवणशक्ती काही आठवड्यांतच घटते.

चांगला ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमीन खोलवर भिजल्यानंतरच, शक्यतो आर्द्रा नक्षत्रात, ढगाळ दिवशी संध्याकाळी लागवड करावी. मृगाच्या पहिल्या सरींवर लावलेली रोपे पुढील उघडिपीत माना टाकतात. लिंबाच्या खोडाला पाणी लागू नये म्हणून बुंध्याभोवती मातीची भर देऊन तिच्याबाहेर आळे करावे आणि पाणी फक्त त्या आळ्यात सोडावे. रावेर-यावलकडे केळीची वाळलेली पाने मुबलक मिळतात. त्यांचे आच्छादन बुंध्यापासून वीतभर दूर ठेवावे. फेब्रुवारी संपण्यापूर्वी लिंबाच्या रोपाला पश्चिमेकडून पऱ्हाट्यांचा किंवा तुराट्यांचा आडोसा करावा. झाड दोन वर्षांचे झाल्यावर दरवर्षी पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर खोडाला जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत बोर्डो पेस्ट (बुरशीनाशक लेप) लावावी. त्यासाठी एक किलो मोरचूद आणि एक किलो कळीचा चुना प्लास्टिकच्या वेगवेगळ्या भांड्यांत प्रत्येकी पाच लिटर पाण्यात भिजवून नंतर एकत्र करावा आणि पेस्ट त्याच दिवशी वापरावी.