पीजीच्या रोस्टरमध्ये बाळ कुठे बसवायचं?

मी भूलतज्ज्ञ. आठवड्यातून दोनदा सकाळी नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या एका आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबी) सेंटरला एग पिकअपच्या, म्हणजे सुईने अंडी काढण्याच्या, केसेस घ्यायला जाते. प्रोपोफॉल हे भुलीचं औषध दिलं की पंधरा-वीस मिनिटांचं काम. मी पेशंटच्या डोक्याशी, आणि पलीकडच्या खिडकीतून लॅबमधल्या एम्ब्रियॉलॉजिस्टचा अंडी मोजतानाचा आवाज येत असतो: एक... दोन... मग बराच वेळ काहीच नाही... तीन. या टेबलावर आपल्यातल्याही, म्हणजे डॉक्टर असलेल्या, बऱ्याच जणी येतात. सलाइनची सुई लावताना लगेच कळतं, कारण शीर ती स्वतःच दाखवते.

ओव्हरीवर दहा मार्कांचं उत्तर आपण झोपेतही लिहू. त्यात स्वतःचं वय घालून मात्र कुणी बघत नाही. मीही बघितलं नव्हतं. म्हणून दोन केसेसच्या मधे ज्युनियर डॉक्टर मुली 'बाळाचं कधी ठरवू?' विचारायला आल्या की मी आधी कागद काढायला लावते.

कागदावर पहिल्यांदा मुलं किती हवीत ते लिहा. 2015 साली नेदरलँड्समधल्या संशोधकांनी संगणकावर हा हिशेब मांडला होता. आयव्हीएफशिवाय 90 टक्के शक्यता हवी असेल, तर एका मुलासाठी वयाच्या 32 पर्यंत प्रयत्न सुरू व्हायला हवेत, दोघांसाठी 27 आणि तिघांसाठी 23. आता शेजारी आपलं वेळापत्रक लिहा. अठराव्या वर्षी एमबीबीएस, इंटर्नशिपसकट साडेपाच वर्षं, बॉन्डचं, म्हणजे सक्तीच्या सरकारी सेवेचं, एक, नीट-पीजी या पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेसाठी एखादं वर्ष ड्रॉप, एमडीची तीन. सगळं सुरळीत झालं तरी साडेअठ्ठावीस. सुपरस्पेशालिटी करायची तर आणखी तीन. 'सगळं उरकलं की मग' म्हणणारीचा 'मग' बत्तिशीत उजाडतो. बत्तिशीत मूल होत नाही असं मुळीच नाही, पण दुसऱ्यासाठी किती जागा उरते ते कागदावर दिसू दे.

हे वाचून एएमएच ही रक्ततपासणी करायला धावू नका. त्यातून अंड्यांच्या साठ्याचा अंदाज येतो, अंड्यांचा दर्जा कळत नाही, आणि या वर्षी आपोआप दिवस राहतील की नाही हेही कळत नाही. अंडी गोठवायचा विचार असेल तर तो पस्तिशीच्या आत करा. 2021 च्या कायद्यानुसार ती दहा वर्षांपर्यंत ठेवता येतात. गोठवलेली अंडी म्हणजे एक संधी, ठेवपावती नव्हे.

तोवर मूल नको असेल तर 'सेफ पिरियड'वर विसंबू नका, नाइट ड्युट्यांनी पाळी कधी पुढेमागे होईल नेम नाही. कॉपर-टी 380ए दहा वर्षं चालते आणि काढली की लगेच प्रयत्न करता येतात. अंतरा या गर्भनिरोधक इंजेक्शनचं तसं नाही. शेवटच्या डोसनंतर दिवस राहायला सात ते दहा महिने लागू शकतात, त्यामुळे 'परीक्षा झाली की' असा बेत असेल तर ते आधीच थांबवा.

मूल हवं असेल तेव्हा रोस्टर, म्हणजे ड्युट्यांचा तक्ता, समोर घ्या. पुढच्या पाळीच्या अंदाजे चौदा दिवस आधी अंडं सुटतं. तो दिवस आणि आधीचे पाच, एवढीच खिडकी. शुक्राणू पाचेक दिवस तग धरतात, अंडं जेमतेम एक दिवस. एक नाशिकला आणि दुसरा धुळ्याला पीजी करत असेल तर रविवारच्या भेटी त्या खिडकीत पडतात का बघा, नाहीतर ड्युटी बदलून घ्या. कारण सांगायची गरज नाही, चुलतभावाचं लग्न चालतं. फॉलिक अ‍ॅसिड 400 मायक्रोग्रॅम किमान महिनाभर आधीपासून सुरू करा. रुबेलाची लस राहिली असेल तर ती घेऊन महिनाभर थांबा.

आता माझी चूक. आम्ही सुरुवात केली तेव्हा मी तेहतीस वर्षांची होते. चौदा महिने माझ्याच तपासण्या चालल्या: थायरॉइडची टीएसएच, अंड्याची वाढ बघणारी फॉलिक्युलर स्टडी, शेवटी गर्भनलिकांचा एक्स-रे, एचएसजीसुद्धा. नवरा ऑर्थोपेडिक सर्जन. त्याला कुणी विचारलंच नाही, आणि डॉक्टरला डॉक्टरने काय सांगायचं म्हणून तोही गप्प. शेवटी वीर्यतपासणीसाठी मीच बाटली हातात दिली. तेव्हा आम्ही आडगावला राहायचो आणि लॅब कॉलेज रोडला. सॅम्पल तासाच्या आत पोचायला हवं, आणि गारठू द्यायचं नाही. जानेवारीची सकाळ, हा गाडी चालवतोय आणि मी मागे, बाटली स्वेटरच्या आत काखेत धरून. शुक्राणूंचा काउंट निघाला मिलीलिटरला नव्वद लाख. जागतिक आरोग्य संघटनेची आजची खालची मर्यादा एक कोटी साठ लाख आहे. कारण होतं व्हेरिकोसील, म्हणजे वृषणाजवळच्या फुगलेल्या शिरा. ऑपरेशननंतर तीन महिने थांबून पुन्हा तपासलं, कारण शुक्राणू तयार व्हायलाच साधारण 74 दिवस लागतात. मुलगा झाला तेव्हा मी छत्तीस. दुसऱ्याचा विषय आम्ही काढला नाही.

तेव्हा पस्तिशीच्या आत असाल तर वर्षभर प्रयत्न करा, पुढे असाल तर सहाच महिने, आणि मग दोघांनी एकाच दिवशी तपासण्या सुरू करा. सॅम्पलआधी दोन ते सात दिवसांचं अंतर ठेवा. एवढं सोपं आहे ते.

रजेचं मात्र सोपं नाही. बाळंतपणाची रजा हक्काची आहे, पण पीजीला 80 टक्के हजेरी लागते. ती कमी पडली तर टर्म वाढते आणि परीक्षा पुढच्या बॅचबरोबर द्यावी लागू शकते. हे गृहीत धरूनच थिसिसच्या केसेस आधी गोळा करून ठेवा. आमच्या युनिटमध्ये 'वर्षाला एकीनेच' असं तोंडी फर्मान होतं. असलं काही ऐकवलं तर भांडू नका, शांतपणे 'सर, लेखी द्याल का?' म्हणा. आपलं आरोग्य विज्ञान विद्यापीठ इथेच नाशिकला म्हसरूळला असलं तरी थेट तिकडे धावू नका, अर्ज कॉलेजमधूनच द्या, दोन प्रतींत. आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. माझ्या एका बॅचमेटची रजा तोंडीच मंजूर झाली होती. परीक्षेचा फॉर्म भरायची वेळ आली तेव्हा ती कुणालाच आठवेना.