नो सूनर–दॅन, सो–दॅट आणि मंडळी : इंग्रजी वाक्याचा सांधा कसा ओळखावा

इंग्रजीत दोन वाक्यं जोडायची म्हटली की शिकणाऱ्याच्या हाती सूत्रांची यादी येते. ‘ॲज सून ॲज काढा, नो सूनर घाला, मग डिड, मधे दॅन.’ ‘टू काढा, सो घाला, मधे दॅट, पुढे कॅनॉट.’ यादी पाठ होते, परीक्षेत एखादा गुण मिळतो, आणि स्वतःचं पत्र लिहायला बसलं की यातलं काहीच हाताशी येत नाही. कारण कोणता शब्द कोणत्या उपवाक्यात बसतो, ही एकच महत्त्वाची गोष्ट त्या यादीत नसते. ती कळली की सूत्रं पाठ करावी लागत नाहीत.

१. क्रियापदं मोजा. काळ दाखवणारी पूर्ण क्रियापदंच मोजायची. ‘हॅड सॅट’ हे एक, ‘कुड नॉट वॉक’ हेही एकच. ‘टू वॉक’ मोजायचं नाही. वाक्यात जितकी क्रियापदं, त्याहून एक कमी सांधा, म्हणजे उपवाक्यं जोडणारा शब्द, लागतो. ‘आय नो ही इज रेडी’ अशा वाक्यात दॅट गाळलेला असतो, तो धरून मोजा.

२. जादा सांधा काढून टाका. मराठीत जरी आलं की तरी येतं, जर आलं की तर, जेव्हाला तेव्हा. दोन्ही उपवाक्यांच्या तोंडाशी एकेक शब्द असतो आणि कानाला तीच सवय लागलेली असते. इंग्रजीत गौणत्वसूचक उभयान्वयी अव्यय फक्त गौण वाक्याच्या तोंडाशी येतं. प्रधान वाक्य मोकळं राहतं. म्हणून ‘ऑल्दो इट वॉज रेनिंग, बट वी वेन्ट आउट’ हे चूक. क्रियापदं दोन, सांधेही दोन, म्हणजे एक जादा. ऑल्दो ठेवा किंवा बट ठेवा. ‘बिकॉज ही वॉज इल, सो ही स्टेड ॲट होम’ याचंही तेच.

इफ–देन मात्र चालतं, कारण देन हे क्रियाविशेषण आहे, ते काहीच जोडत नाही. ऑल्दो–येट चालतं तेही याच कारणाने. पण ‘ऑल्दो आलं की येट आलंच पाहिजे’ हा सल्ला साफ चुकीचा आहे. स्वल्पविराम पुरतो.

३. जोडीतला खरा सांधा ओळखा. सो–दॅट, ॲज–ॲज, नो सूनर–दॅन, हार्डली–व्हेन. या जोड्यांतला पहिला शब्द क्रियाविशेषण असतो. तो प्रधान वाक्याच्या आत, आपल्या जागी बसतो. जोडण्याचं काम दुसरा शब्द करतो आणि गौण वाक्य त्याच्यापासून सुरू होतं. ‘द बॉक्स वॉज सो हेवी दॅट आय कुड नॉट लिफ्ट इट’ यात सो हा फक्त हेवीचं प्रमाण सांगतो. सांधा दॅट आहे.

४. नो सूनर. मला सगळ्यांत जास्त वेळ इथेच लागला आणि माझ्याकडे शिकायला येणारेही इथेच अडतात, म्हणून घाई करू नका.

‘ॲज सून ॲज ही सॅट डाउन, द फोन रँग.’ यात बसणं गौण वाक्यात आहे आणि फोन वाजणं प्रधान वाक्यात. आता नो सूनर वापरायचं झालं तर या भूमिका उलटतात. नो सूनर हे क्रियाविशेषण आहे, म्हणून ते ज्या वाक्यात बसतं ते प्रधान होतं. बसणं प्रधान झालं आणि फोन वाजणं दॅननंतर येऊन गौण झालं. ‘ॲज सून ॲजच्या जागी नो सूनर घाला’ हा सल्ला म्हणूनच घातक आहे. ते दोन शब्द एका जातीचेच नाहीत. ॲज सून ॲजचं उपवाक्य वाक्याच्या सुरुवातीलाही येतं आणि शेवटीही. दॅनचं उपवाक्य सुरुवातीला कधीच येत नाही.

आता माझा आग्रह असा: वाक्य नो सूनरने सुरूच करू नका. आधी ते त्याच्या नैसर्गिक जागी, सहायक क्रियापदानंतर ठेवून लिहा. ‘ही हॅड नो सूनर सॅट डाउन दॅन द फोन रँग.’ हे पूर्ण, शुद्ध इंग्रजी वाक्य आहे आणि यात उलटापालट काहीच नाही. अर्थही इथेच उलगडतो. फोन वाजला त्याच्या आधी काही तो बसलेला नव्हता, म्हणजे दोन्ही एकदमच झालं. सूनर हे तुलनेचं रूप आहे, म्हणून पुढे दॅन येतो. हार्डली आणि स्केअर्सली यांत तुलना नाही, म्हणून त्यांच्यापुढे व्हेन किंवा बिफोर. एवढं समजलं की कुणापुढे काय येतं हे पाठ करावं लागत नाही.

मग जोर हवा असेल तरच नो सूनर उचलून पुढे आणा. नकारार्थी क्रियाविशेषण वाक्याच्या तोंडाशी आलं की इंग्रजीत सहायक क्रियापद कर्त्याच्या आधी येतं: ‘नो सूनर हॅड ही सॅट डाउन दॅन द फोन रँग.’ नेव्हर, सेल्डम, नॉट ओन्ली यांनाही हाच नियम आहे, तो नो सूनरपुरता बनवलेला नाही. साधा भूतकाळ ठेवायचा असेल तर डिड घ्या आणि मूळ रूप लिहा: ‘नो सूनर डिड ही सिट डाउन दॅन…’. डिड आल्यावर पुन्हा सॅट लिहिलं की भूतकाळ दोनदा झाला.

तीन ठिकाणी डोळ्यांत तेल घालून पाहा. दॅनच्या पुढची रचना सरळच राहते. ‘दॅन डिड द फोन रिंग’ असं कधीही लिहू नका. नो सूनरच्या वाक्यात वेगळा नॉट घालू नका, नकार त्यातच आहे. आणि हॅड वापरलंत तर ते पहिल्या उपवाक्यातच हवं. दॅननंतर साधा भूतकाळ.

५. सो–दॅट आणि टू–टू. सोच्या पुढे विशेषण किंवा क्रियाविशेषण, सचच्या पुढे नाम: ‘सो हेवी’, पण ‘सच अ हेवी बॉक्स’. टू–टूमध्ये पहिला टू म्हणजे ‘अति’, आणि दुसरा टू सांधा नाहीच. त्याच्यानंतर काळ दाखवणारं क्रियापद नसतं, म्हणून पहिल्या पायरीचं गणित एक क्रियापद, शून्य सांधे असं होतं. ‘द बॉक्स वॉज टू हेवी फॉर मी टू लिफ्ट.’ इथे शेवटी इट लावणं चूक. दॅटच्या पूर्ण उपवाक्याला मात्र स्वतःचं कर्म लागतं, म्हणून तिथे इट हवंच. बहुतेक पुस्तकं रूपांतर दाखवतात आणि हा फरक सांगत नाहीत. तो तुम्ही स्वतः तपासा.

६. द–द. ‘द मोअर यू रीड, द मोअर यू लर्न.’ आपलं जितकं–तितकं, क्रमही तोच. हा द नेहमीचं आर्टिकल नाही, क्रियाविशेषण आहे. जुन्या इंग्रजीतल्या दर्शक सर्वनामाच्या करण अर्थाच्या रूपातून तो आला, ‘त्या मानाने’ अशा अर्थाने. म्हणून त्याच्यापुढे तुलनेचंच रूप लागतं. ‘द मच यू रीड’ होत नाही.

७. अनलेस, अन्टिल, लेस्ट. अनलेस (‘नाही तर’) आणि लेस्ट (‘होऊ नये म्हणून’) यांच्या पोटात नकार आहे, अन्टिल म्हणजे नुसतं ‘पर्यंत’. तिघांनाही नॉट नको. ‘अनलेस यू डोन्ट वर्क’ म्हणजे तुम्हाला म्हणायचं त्याच्या नेमकं उलट. अन्टिलचा घोटाळा ‘तो येत नाही तोपर्यंत’ या मराठी वळणामुळे होतो. इंग्रजीत ‘अन्टिल ही कम्स’. लेस्टनंतर शुड घ्या.

८. काळ. व्हेन, इफ, अन्टिल, बिफोर, ॲज सून ॲज यांच्या उपवाक्यात भविष्याबद्दल बोलतानाही साधा वर्तमानकाळ: ‘व्हेन ही कम्स, आय विल टेल हिम.’ पण ‘आय डोन्ट नो व्हेन ही विल कम’ बरोबर आहे, कारण तिथे व्हेनचं उपवाक्य ‘नो’ (जाणणे) या क्रियापदाचं कर्म आहे.

९. स्वल्पविराम. गौण वाक्य आधी आलं तर द्या, मागे आलं तर बहुतेक वेळा नको. द–दमध्ये मधे द्या. नो सूनरच्या वाक्यात दॅनच्या आधी देऊ नका.