धुळीच्या वादळानंतर घर आवरताना

वादळ ओसरलं की हात आधी झाडूकडे जातो. तो दाराआडच राहू द्या. कोरड्या झाडूने जाड माती गोळा होते, पण बारीक धूळ पुन्हा उडते आणि तासन्‌तास हवेत तरंगत राहते. नाकातून छातीत उतरते ती हीच, 10 मायक्रॉनहून बारीक, म्हणजे केसाच्या जाडीच्या पाचव्या-सहाव्या हिश्शाची.

तयारी एप्रिल संपता संपताच करून ठेवावी. जुन्या सुती साड्यांची फडकी, पाण्याची स्प्रे बाटली, माणशी एक एन-95 मास्क, दाराखालच्या फटीला लावायला जुना टॉवेल, आणि दम्याचा पंप ज्याला लागतो त्याच्या हाताशी. तोंडाला रुमाल बांधून मनाचं समाधान होतं, बारीक धूळ फारशी अडत नाही. गच्चीवर वाळवण असेल तर आभाळ भरून यायला लागताच खाली आणा. एकदा वारा सुटला की कुरडयांसाठी वर धावायचं नाही. 13 मे 2024 च्या दुपारी मुंबईत असंच वादळ आलं आणि घाटकोपरला पेट्रोल पंपावर अख्खं होर्डिंग कोसळलं. गच्चीवरचे पत्रे आणि कुंड्या तर किती हलक्या.

खिडक्या कधी उघडायच्या, हे धूळ कुठली त्यावर ठरतं. वळवाच्या वादळामागून पाऊस आला तर हवा लवकर धुतली जाते, मग घर खुशाल उघडा. जानेवारी 2022 मधली धूळ निराळी होती. ती पाकिस्तानकडून अरबी समुद्र ओलांडून आली, मुंबई-पुण्यात गाड्यांवर पांढरी पूड बसली, आणि ती काही तासाभरात निवळली नाही. अशा वेळी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं ‘समीर’ ॲप बघावं. त्यातला हवेच्या गुणवत्तेचा आकडा (एक्यूआय) 200 च्या वर असेल तर खिडक्या बंदच बऱ्या. मात्र हा आकडा गेल्या 24 तासांच्या सरासरीवर निघतो, म्हणून चढतोही उशिरा आणि उतरतोही उशिरा. दूरची इमारत रोजच्यासारखी स्पष्ट दिसते का, तेही बघा. विंडो एसी असेल तर बाहेरची हवा घेणारी खटकी बंद आहे ना, याची खात्री करा. त्या दिवशी उदबत्ती, धूप, मच्छर कॉइल यांना सुट्टी.

आवरायला घेतलं की वरून खाली यायचं. लहान मुलं आणि दम्याचा त्रास असलेली माणसं दुसऱ्या खोलीत. सफाईला मावशी येत असतील तर मास्क त्यांनाही द्या. घरातली सगळ्यात जास्त धूळ त्यांच्याच नाकात जाते, आणि ही गोष्ट मास्क लावून बसलेल्या घरांतही कुणाला सुचत नाही. पंखा पुसल्याशिवाय लावू नका. उशीचा जुना अभ्रा थोडा ओला करून पात्यावर चढवायचा, वरून दाबून ओढायचा; धूळ अभ्र्यातच राहते, गादीवर पडत नाही. पडदे झटकू नका, हलकेच काढून थेट बादलीत टाका. चादरी घडी घालून बाहेर न्या. टीव्ही आणि काचा कोरड्या कापडाने घासल्या तर रेतीचे ओरखडे उठतात, म्हणून काचेवर आधी पाणी मारा आणि टीव्ही बंद करून ओलसर मऊ कापडाने नुसता टिपा. फरशी दोनदा पुसायची, दुसऱ्यांदा नव्या पाण्याने. पहिल्या बादलीचा रंग बघितल्यावर कुणाला वेगळं सांगावं लागणार नाही.

एसीचा मेन स्विच बंद करून जाळी काढा, नळाखाली धुवा, सावलीत पूर्ण वाळली की बसवा. एअर प्युरिफायरची बाहेरची जाळीही तशीच, पण आतला हेपा फिल्टर, म्हणजे बारीक धूळ अडवणारी घडीघडीची गाळणी, धुवायचा नसतो.

स्वयंपाकघरात उघडं राहिलेलं शिजवलेलं अन्न टाकून द्या. धान्य पाखडून, चाळून घेता येतं. वाळलेल्या मिरच्या ओल्या फडक्याने पुसून परत उन्हात घालाव्यात. अर्ध्या ओल्या कुरडयांवर बसलेली रेती मात्र निघत नाही. जिवावर येतं, पण तळल्यावर दातांखाली कचकच व्हायचीच.

राहता राहिली स्लायडिंग खिडकीची खाच. तिच्यात सगळ्यात जास्त माती साठते आणि तीच बहुतेक वेळा राहून जाते. आधी स्प्रेने भिजवा, जुन्या टूथब्रशने सैल करा, चमच्याने चिखल उचला. खाचेच्या बाहेरच्या कडेला पाणी जायची बारीक भोकं असतात, ती काडीने मोकळी करा आणि वाटीभर पाणी ओतून बघा. बुजलेली राहिली तर जूनच्या पहिल्या झडीला पाणी आत, थेट सोफ्याखाली.