कॉलर बोन जुळले, तरी हात गार पडतो? या चुका टाळा

पावसात गोव्यातल्या डिचोलीच्या रस्त्यावर स्कूटर घसरते, खांदा आपटतो, कॉलर बोन मोडते. काही आठवडे हात झोळीत, मग विषय संपला. बहुतेकांचा खरोखरच संपतो. काहींचे हाड मात्र वाकडे जुळते किंवा कच्चेच राहते, आणि काही महिन्यांनी, कधी कित्येक वर्षांनी, दुखणे हातात उतरते.

हाताची मुख्य धमनी, मोठी शीर आणि नसा कॉलर बोन आणि पहिली बरगडी यांच्या मधल्या चिंचोळ्या वाटेने जातात. मोडल्या जागी हाडाची जाड गाठ वाढली की ही वाट आवळते. हात वर केला की अधिकच. म्हणून माडावर कोयता चालवणाऱ्या पाडेलीला ते लवकर जाणवते: हात जड होतो, बोटे पांढरी पडतात, खाली घेतला की बरे.

सर्वात महागात पडणारी चूक म्हणजे जुने फ्रॅक्चर न सांगणे. मुंग्या म्हटले की आधी मानेवर संशय जातो, गळ्यात पट्टा येतो. डॉक्टरांना तरी काय दिसणार? पाच वर्षांपूर्वी पडलो होतो, हे आपणच विसरलेलो असतो.

दुसरी, ती गाठ तेल लावून चोळणे. गाठ ठोके देत असेल तर तो घासून फुगलेल्या धमनीचा फुगा असू शकतो. त्यातली गुठळी सुटली तर बोटांत जाऊन अडकते. बोटाच्या टोकावरचा काळा ठिपका हलका समजू नका.

बीपी एकाच हाताचे मोजणे हीही चूकच. दाबलेल्या बाजूला ते कमी दिसते, आणि खरे वाढलेले बीपी लपून राहते. दोन्ही हातांचे मोजायला सांगा. डॉपलरही (रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) हात वर-खाली करून व्हायला हवी, कारण आरामात पडलेल्या हाताची नाडी पुष्कळदा व्यवस्थित लागते. हात सुजून निळसर झाला, खांद्यावर शिरा उठल्या, तर शीर दाबली गेल्याचा संशय घ्यावा.

रक्त पातळ करणारी गोळी गुठळी आवरते, हाडाचा दाब काढत नाही. त्यासाठी गाठ तासणे, हाड सरळ करून प्लेट बसवणे, कधी पहिली बरगडी काढणे किंवा धमनी दुरुस्त करणे लागते.

हात अचानक पांढरा, थंड, बधिर झाला तर शेकत बसू नका. बधिर कातडी भाजते ते कळतही नाही. 108 ला फोन करा आणि बांबोळीचे गोमेकॉ (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय) गाठा.