कीटकरोधक मारलेले ट्रेकचे कपडे घातल्यावर अंगावर पुरळ उठलं, तर काय करावं

गणपती उरकले की सह्याद्रीच्या वाटांवर गवत कमरेच्या वर गेलेलं असतं. त्यात गोचिडी असतात, आणि डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या माइट्सच्या अळ्याही असतात. त्यामुळे हल्ली बरेच ट्रेकर कपड्यांवर पर्मेथ्रिन हे कीटकनाशक मारतात. कुणी परदेशातून येणाऱ्या नातेवाइकांकडून फवारा मागवतं, तर कुणी कारखान्यातच औषध मुरवलेली पँट विकत घेतं. ट्रेक झाल्यावर मांड्यांवर, मानेवर किंवा घोट्यांजवळ लाल पुरळ दिसलं की पहिला निष्कर्ष निघतो, ‘मला या औषधाची ॲलर्जी आहे.’

हा निष्कर्ष बहुतेक वेळा घाईचा असतो. पर्मेथ्रिनची खरी ॲलर्जी क्वचित आढळते. औषधामुळे त्वचेची आग होणं आणि चुणचुणणं त्यामानाने जास्त दिसतं, आणि ते सहसा एका दिवसात आपोआप ओसरतं. पुरळाचं कारण अनेकदा तिसरंच काही असतं. ते शोधून काढावं, कारण चुकीच्या गोष्टीवर आळ घेतला तर गरज नसताना संरक्षण सोडलं जातं आणि खरा त्रास तसाच राहतो.

1. आधी कपडे काढा, अंग धुवा

खाज किंवा आग सुरू झाली की ते कपडे उतरवा. त्वचा गार किंवा साध्या पाण्याने आणि सौम्य साबणाने धुवा. कडकडीत पाणी आणि घासणी दोन्ही टाळा. पर्मेथ्रिन कीटकाच्या मज्जातंतूंमधले सोडियमचे मार्ग उघडे ठेवतं, म्हणून तो लुळा पडून मरतो. आपल्या त्वचेतल्या मज्जातंतूंच्या टोकांवरही त्याचा थोडा परिणाम होतो. झिणझिण्या येतात, सुया टोचल्यासारखं वाटतं, चेहऱ्याची आग होते ती यामुळे. त्वचेवर बऱ्याचदा दिसत काहीच नाही. ऊन, घाम आणि गरम पाण्याने ही आग वाढते. अंग धुऊन कोरडं केल्यावर व्हिटॅमिन ई च्या कॅप्सूलमधलं तेल हलक्या हाताने लावलं तर आराम पडतो.

2. ही लक्षणं असतील तर थांबू नका

श्वास लागणं, ओठ किंवा डोळे सुजणं, अंगभर गांधी उठून चक्कर येणं, उलट्या होणं, यातलं काहीही झालं तर 108 ला फोन करा किंवा जवळच्या दवाखान्यात जा. घरगुती उपायांची ही वेळ नाही.

पुरळासोबत ताप असेल तर कपड्यांचा विचार बाजूला ठेवा. ट्रेकनंतर आठ-दहा दिवसांनी ताप आणि डोकेदुखी सुरू झाली, तर काखेत, जांघेत, कमरेच्या इलॅस्टिकखाली नीट पाहा. सिगारेटचा चटका बसल्यासारखी, न दुखणारी काळी खपली सापडली तर तो स्क्रब टायफस, म्हणजे त्याच माइट्सच्या अळ्या चावल्याने होणारा ताप, असण्याची दाट शक्यता असते. 2018 मध्ये नागपूर आणि विदर्भात या आजाराने माणसं दगावली. डॉक्सिसायक्लिनने तो बरा होतो, पण औषध वेळेत सुरू व्हावं लागतं. सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग-सावंतवाडी भागात आणि गोव्यातल्या सत्तरीत गोचिडींमुळे माकडताप होतो. तिकडच्या जंगलातून आला असाल तर डॉक्टरांनी विचारायची वाट न पाहता स्वतःहून सांगा.

3. पुरळ नेमकं कुठे आणि किती वेळाने उठलं ते पाहा

इथे वेळ द्या. दिवसाच्या उजेडात, आरशासमोर सगळं अंग पाहा आणि फोटो काढून ठेवा. डॉक्टरकडे जाईपर्यंत पुरळाचं रूप बदललेलं असतं.

कपडा जिथे घट्ट बसतो आणि घाम मुरतो तिथे, म्हणजे मांडीच्या आतल्या बाजूला, गुडघ्यामागे, काखेच्या कडेला चट्टे असतील, तर संशय कपड्यावर घ्यावा. तिथेही औषधाच्या आधी रंगाचा विचार करा. पॉलिस्टरच्या गडद निळ्या-काळ्या कपड्यांत वापरले जाणारे डिस्पर्स जातीचे रंग ॲलर्जीसाठी त्वचारोगतज्ज्ञांच्या चांगल्या परिचयाचे आहेत, आणि ट्रेकच्या पँट नेमक्या त्याच कापडाच्या असतात. काखेत ऐन मध्यभागी पुरळ असेल तर डिओडरंट आठवून बघा.

मोज्यांच्या आणि कमरेच्या इलॅस्टिकच्या रेषेला धरून ठिपक्यांसारखे लाल फोड, मध्ये बारीक टोक आणि रात्री वाढणारी खाज, असं चित्र बहुधा माइट्सच्या चाव्यांचं असतं. कपडा जिथे अडवतो तिथे त्या अळ्या थांबतात आणि चावतात. म्हणजे औषध बाधलं असं नाही, ते पुरेसं लागलंच नव्हतं.

पुरळ चेहरा, पापण्या, मान आणि हातांचा पुढचा भाग यांवर असून झाकलेलं अंग स्वच्छ असेल, तर पँटला दोष देण्यात अर्थ नाही. आपल्याकडे अशा वेळी पहिलं नाव गाजर गवताचं घ्यावं. 1950 च्या दशकात पुण्याच्या परिसरात ते नजरेत भरलं आणि मग देशभर पसरलं. त्याचे कण हवेतून त्वचेवर बसतात. गडाच्या पायथ्याच्या गावांत, गाडीतळावर, पडीक शेताच्या बांधावर पावसाळ्यानंतर ते फुललेलं असतं. इथे एक नातं ध्यानात ठेवावं. पर्मेथ्रिनचा मूळ नमुना असलेलं पायरेथ्रम ज्या फुलापासून मिळतं, ते शेवंतीच्या कुळातलं, आणि गाजर गवतही त्याच कुळातलं. गाजर गवताची ॲलर्जी असलेल्यांनी नैसर्गिक पायरेथ्रमच्या फवाऱ्यांपासून जपून राहावं. पर्मेथ्रिन प्रयोगशाळेत तयार होतं आणि त्यात फुलाचा अर्क नसतो, म्हणून तो धोका त्याला तसा लागू होत नाही.

हाता-पायांवर ओरखड्यासारखे पट्टे आणि भयंकर खाज असेल तर खाजकुयली आठवा. त्वचा काळी पडून फोड आले असतील तर बिब्ब्याचा चीक लागला असू शकतो.

आता वेळ. कपडे घातल्यापासून काही मिनिटांत किंवा तासांत आग झाली आणि दुसऱ्या दिवशी कमी झाली, तर ती त्वचेची नुसती चिडचिड. एक-दोन दिवसांनी खाज सुरू होऊन बारीक पाण्याचे फोड आले, आणि तोच कपडा पुन्हा घातल्यावर त्याच जागी पुन्हा उठले, तर ॲलर्जीचा संशय धरावा.

4. कपड्यावर नेमकं काय मारलं होतं?

कपड्यांसाठीच्या फवाऱ्यात पर्मेथ्रिन 0.5 टक्के असतं. खरुजेच्या मलमात तेच 5 टक्के, म्हणजे दहापट असतं, आणि ते रात्रभर अंगाला लावून ठेवायला सांगतात. ते मलम पाण्यात कालवून कपड्याला फासू नका, कापडासाठी ते बनवलेलंच नाही.

माझी खरी काळजी शेतीच्या औषधांची आहे. कृषी सेवा केंद्रातून सायपरमेथ्रिन 25 ईसी आणायचं, बादलीत अंदाजाने टोपणभर ओतायचं आणि कपडे बुडवायचे, हा सल्ला ट्रेकच्या ग्रुपांमध्ये फिरत असतो. कृपया हे करू नका. सायपरमेथ्रिन आणि डेल्टामेथ्रिन हे पर्मेथ्रिनचेच भाऊबंद, पण रेणूतल्या सायनो गटामुळे त्वचेची आग त्यांनी कितीतरी जास्त होते. कापसावर फवारणी करणाऱ्यांना ती चेहऱ्याची आग पुरती माहीत आहे. शिवाय त्या बाटलीत पेट्रोलियमचे द्रावक असतात, आणि तेसुद्धा त्वचा सोलवटतात. जनावरांच्या गोचिडींसाठीचं औषधही याच कारणाने कपड्यांसाठी नाही. असं काही वापरलं असेल तर ते कपडे पुन्हा धुऊन घालण्यापेक्षा टाकून द्यावेत, आणि डॉक्टरांना बाटलीचा फोटो दाखवावा.

त्वचेला डीट (डास-कीटकांना दूर ठेवणारं रसायन) असलेलं मलम लावून त्यावर कपडे घातले होते का, हेही आठवा. कपड्यांखाली झाकल्या जाणाऱ्या त्वचेला डीट लावायचं नसतं. कोपराच्या आतल्या घडीत ते रात्रभर राहून फोड आल्याचं सैनिकांमध्ये नोंदलं गेलं आहे.

5. एका वेळी एकच गोष्ट बदला

त्वचा पूर्ण बरी होऊ द्या. मग त्याच कापडाची, त्याच कंपनीची, पण औषध न मारलेली पँट घरी काही तास घाला आणि दोन दिवस थांबा. पुरळ उठलं तर दोष कापडाचा, रंगाचा किंवा धुण्याच्या पावडरीचा. नाही उठलं तर औषध मारलेली पँट एकदा धुऊन, पूर्ण वाळवून थोडा वेळ घालून बघा. एकाच दिवशी साबण, मोजे आणि पँट बदललीत तर हाती काहीच लागणार नाही. फवारा थेट हातावर मारून ‘टेस्ट’ मात्र करू नका. आणि पहिल्या वेळी फोड आले असतील तर हा घरचा प्रयोगही नको.

अशा वेळी, किंवा घरी उलगडा झाला नाही तर, त्वचारोगतज्ज्ञांकडून पॅच टेस्ट करून घ्या. पाठीवर पट्ट्या चिकटवतात, 48 तासांनी काढून पाहतात आणि पुढे एक-दोन दिवसांनी पुन्हा बघतात. भारतीय संचात गाजर गवताची चाचणी असतेच. जाताना पँटच्या आतल्या शिवणीतून कापडाचा तुकडा कापून न्या.

6. मेडिकलवाल्याचं मलम नको

खाजेसाठी गार पाण्याच्या घड्या, कॅलामाइन, आणि डॉक्टरांनी सांगितली तर ॲलर्जीची गोळी, एवढं बहुतेकदा पुरतं. दुकानात ‘खाजेवर द्या’ म्हटलं की तीव्र स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि अँटिबायोटिक एकत्र असलेली ट्यूब हातात पडते. जांघेतलं पुरळ नायटा असेल तर स्टेरॉइडने तो दोन दिवस दबतो आणि मग दुपटीने पसरतो. ओल्या कपड्यांत दिवसभर चालणाऱ्यांना नायटा होतोच, त्यामुळे ही गफलत फार वेळा होते.

7. पुन्हा औषध मारायचं असेल तर

फक्त बाहेरचे कपडे घ्या: पँट, शर्ट, मोज्यांचा बाहेरचा भाग, बूट, गेटर (बुटावरून पोटरीला बांधायचं आवरण). आतल्या कपड्यांना मारू नका. गच्चीवर किंवा अंगणात, हातमोजे घालून, वारा पाठीशी घेऊन, कापड ओलसर होईपर्यंत फवारा. मग सावलीत टांगा. कोरड्या हवेत साधारण 2 तास आणि दमट हवेत 4 तास सांगतात, पण आपल्या पावसाळ्यात आदल्या रात्री मारलेला कपडा पहाटेही दमटच लागतो. तो तसाच घालणं हे त्रासाचं मोठं कारण आहे. ट्रेकच्या दोन-तीन दिवस आधी हे काम उरका.

घरी मारलेलं औषध साधारण 6 धुण्यांपर्यंत किंवा 6 आठवडे टिकतं, कारखान्यातलं 70 धुण्यांपर्यंत. तेव्हा दर ट्रेकला नवा थर चढवू नका. हे कपडे वेगळे धुवा. ओढ्यात, तळ्यात किंवा गडावरच्या टाक्यात तर अजिबात नको, कारण माशांना हे जहाल विष आहे. घरात मांजर असेल तर कपडा खडखडीत वाळेपर्यंत तिला जवळ फिरकू देऊ नका. तिच्या यकृताला पर्मेथ्रिन पचवता येत नाही आणि जीवही जाऊ शकतो.

8. ॲलर्जी सिद्ध झालीच तर

पर्मेथ्रिन सोडा, पण उघड्या पायांनी गवतात शिरू नका. घट्ट विणीची फुल पँट मोज्यांत खोचा, उघड्या त्वचेला इकारिडिन हे कीटकरोधक लावा, दर विश्रांतीला एकमेकांच्या मानेमागे आणि कानांमागे गोचिडी शोधा आणि घरी आल्याबरोबर साबणाने अंघोळ करा. औषधाचं नाव आपल्या फाइलवर ठळक लिहून घ्या. घरात कधी खरूज आली तर डॉक्टर पहिलं मलम पर्मेथ्रिनचंच लिहून देतात, तेव्हा त्यांना हे माहीत असायला हवं. औषधी मच्छरदाणी घेतानाही लेबल वाचून घ्या.