एका ॲपमध्ये लॉगिन केलं की दुसरं बाहेर काढतं: टॉमकॅटवरचं हरवलेलं सेशन

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतला एखादा टॉवेल-चादरीचा कारखाना घ्या. ऑफिसातल्या एकाच मशीनवर टॉमकॅट, म्हणजे जावा ॲप्स चालवणारा सर्व्हर, आणि त्यावर दोन ॲप्स चालतात, एक ऑर्डरचं आणि एक बिलिंगचं. ऑर्डर टाकून बिलिंग उघडलं की पुन्हा पासवर्ड, आणि बिल करून परत यावं तर ऑर्डरमधूनही बाहेर. म्हणजे सेशन, सर्व्हरने लॉगिन केलेल्या माणसाची ठेवलेली नोंद, हरवतंय. अशा वेळी पहिला हात टाइमआउटकडे, काहीच न केल्यास सेशन किती वेळाने संपवायचं त्या मर्यादेकडे, जातो. टॉमकॅटमध्ये तो मुळातच ३० मिनिटांचा असतो. सेशन दोन क्लिकमध्ये जातंय, तर त्याला हात लावू नका.

आधी कुकी बघा, म्हणजे सेशनचा आयडी ब्राउझरमध्ये ठेवणारी छोटी नोंद. क्रोममध्ये एफ१२ दाबा, ‘ॲप्लिकेशन’मध्ये ‘कुकीज’ उघडा आणि ‘जेसेशनआयडी’ची ओळ शोधा. तिचा पाथ (कुकी पत्त्याच्या कोणत्या भागासाठी आहे ते) आणि व्हॅल्यूची शेवटची चार अक्षरं कागदावर लिहून घ्या. मग दुसरं ॲप उघडून तीच ओळ पुन्हा वाचा.

पाथ तोच आहे, पण व्हॅल्यू बदलली? मग बहुतेक दोन टॉमकॅट आहेत, एक ८०८० पोर्टवर, एक ८०८१ वर, आणि दोन्ही ॲप्स रूटवर, म्हणजे पाथ नुसता स्लॅश. ब्राउझर कुकी ठेवताना पोर्ट बघतच नाही, त्यामुळे एकाची कुकी दुसऱ्याच्या कुकीवर बसते. प्रत्येक ॲपच्या कॉन्टेक्स्ट टॅगमध्ये (टॉमकॅटमधली त्या ॲपची सेटिंग) ‘सेशनकुकीनेम’ला वेगळं नाव द्या आणि दोन्ही टॉमकॅट रीस्टार्ट करा.

दोन्ही ॲप्समध्ये पाथ वेगवेगळे आहेत, तर काहीच बिघडलेलं नाही. सर्व्हलेटच्या, म्हणजे जावा वेब ॲप्सच्या, नियमानुसार सेशन त्या-त्या ॲपचंच असतं. इथे ‘सेशनकुकीपाथ’ला नुसता स्लॅश देण्याचा मोह टाळा. त्याने आयडी एक होतो, आतला डेटा नाही. दुसऱ्या ॲपने ‘गेटॲट्रिब्यूट’ने सेशनमधला डेटा मागितला तर नल, म्हणजे रिकामंच, मिळतं. शिवाय लॉगिन होताच टॉमकॅट सुरक्षेसाठी आयडी बदलतं, की पहिल्या ॲपचं सेशन अनाथ.

एकच लॉगिन हवं असेल आणि पासवर्ड टॉमकॅट स्वतःच तपासत असेल, तर सर्व्हर डॉट एक्सएमएलमध्ये होस्टच्या आत ‘सिंगलसाइनऑन’ व्हॉल्व्हवरची (टॉमकॅटचा जोडभाग) कॉमेंट काढा. रेल्म, म्हणजे युजर-पासवर्डची यादी, इंजिन किंवा होस्टच्या पातळीवर हवा. कॉन्टेक्स्टमध्ये लिहिलेला चालत नाही. लॉगिननंतर ‘जेसेशनआयडीएसएसओ’ नावाची नवी कुकी दिसली की जमलं. ॲपच्या आतल्या स्प्रिंग सिक्युरिटी लायब्ररीचं लॉगिन असेल तर हा व्हॉल्व्ह कामाचा नाही. तिथे दोन्ही ॲप्सचं सेशन एका जागी ठेवायला स्प्रिंग सेशन आणि रेडिस (सामायिक डेटा साठवण) लावा, आणि सेशनमध्ये जाणारे क्लास दोन्ही ॲप्समध्ये एकाच व्हर्जनचे ठेवा. एका जारमध्ये जुना क्लास राहिला तर डीसीरियलायझेशनची (साठवलेला डेटा परत वाचण्याची) एरर येते आणि दोष रेडिसवर जातो.

प्रत्येक क्लिकला नवी व्हॅल्यू येत असेल तर टॉमकॅटच्या पुढे बसवलेला प्रॉक्सी सर्व्हर एनजिनएक्स तपासा. बाहेरचा पत्ता नुसता स्लॅश आणि आत ॲप ‘/ऑर्डर’वर असेल, तर कुकीचा पाथ जुळत नाही आणि ब्राउझर ती परत पाठवतच नाही. ‘प्रॉक्सी_कुकी_पाथ’ने तो बदलून घ्या.

आणि बुकमार्क बघाच. एक ‘लोकलहोस्ट’चा, दुसरा १२७.०.०.१ चा असेल, तर मशीन तेच असूनही कुकीच्या हिशेबात ती दोन वेगळी घरं आहेत.